बासोथो: डोंगरातल्या एका राष्ट्राविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बासोथो, मोसोथो, सेसोथो, लेसोथो: यांत फरक काय?

मूळ शब्द एकच, 'सोथो'. मराठीत प्रत्यय शब्दाच्या मागे लागतो, इथे तो पुढे लागतो. एक माणूस मोसोथो, अनेक माणसं बासोथो, त्यांची भाषा आणि चालरीत सेसोथो, आणि देश, चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला, लेसोथो. त्यामुळे 'बासोथो लोक' म्हणताना आपण 'लोक' हा शब्द खरं तर दोनदा म्हणतो. चालायचंच.

उच्चाराचं म्हणाल तर तो 'लेसूथू'च्या जवळ जातो. इंग्रजी बोलणाऱ्याची त्या 'थ'पाशी अडचण होते. आपल्याला त्रास नाही, कारण श्वास सोडून म्हणायचं व्यंजन आपल्या बाराखडीतच आहे. या भाषेला रोमन लिपी दिली ती फ्रेंच मिशनऱ्यांनी, म्हणून लिहिलेलं आणि बोललेलं यांत बरंच अंतर आहे. छापील स्पेलिंग पाहून आपण 'मोशोशो' म्हणतो तो राजा प्रत्यक्षात मोश्वेश्वे. रोमन 'एल'च्या पुढे इ किंवा उ आला की त्याचा 'द' होतो. इथे नावं शक्यतो कानाला ऐकू येतात तशी लिहिली आहेत; लेसोथो आणि बासोथो मात्र रूढ आहेत म्हणून तशीच ठेवली.

बासोथो हे एकाच वंशाचे लोक आहेत का?

नाहीत. हाच मुद्दा समजून घेण्यासारखा आहे, आणि बहुतेक ओळखपर लेखांत नेमका तोच निसटतो.

सोथो-त्स्वाना भाषा बोलणाऱ्या अनेक टोळ्या दक्षिण आफ्रिकेच्या पठारावर शतकानुशतकं राहत होत्या. प्रत्येकीचं एक चिन्ह असे, त्याला 'सेबोको' म्हणतात. बाक्वेनांचं मगर, बाताउंगांचं सिंह, बात्लोक्वांचं रानमांजर. आपल्या देवकासारखीच ही कल्पना: त्या प्राण्याला इजा करायची नाही, त्याच्या नावाने स्वतःची ओळख सांगायची. पण 'आम्ही सगळे मिळून बासोथो' असं एक राष्ट्र 1820 च्या आधी नव्हतं. ते पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत जमवलं गेलं. त्यात सोथो टोळ्या होत्या, पूर्वेकडून पळून आलेली न्गुनी (झुलूसारख्या) भाषा बोलणारी माणसं होती, दक्षिणेचे बाफुथी होते. आणि त्या डोंगरांत सगळ्यांच्या आधीपासून राहणारे, गुहांच्या भिंतींवर चित्रं काढणारे सान लोकही होते. त्यांना बासोथो 'बारवा' म्हणतात. त्यांच्याशी लग्नं झाली, कुरबुरीही झाल्या, आणि पुढे त्यांची स्वतंत्र वस्ती संपत गेली. ही दुखरी बाजू आहे, ती झाकू नये.

म्हणजे बासोथो असणं हे रक्तापेक्षा आसऱ्याने ठरलं. ज्याने येऊन आश्रय मागितला आणि इथलं सरदारपण मानलं, तो मोसोथो झाला.

हे राष्ट्र जमवलं कोणी?

मोश्वेश्वे पहिले यांनी. जन्म साधारण 1786 चा, लेसोथोच्या उत्तरेकडच्या मेन्ख्वानेंग गावी. वडील मोखाचाने हे बाक्वेनांच्या एका धाकट्या शाखेचे, फारसे मोठे नसलेले सरदार. मुलाचं जन्मनाव लेपोको. तरुणपणी त्यांनी रामोनाहेंग नावाच्या सरदाराची गुरं पळवून आणली, आणि आपणच आपलं कौतुक गायलं: त्याची दाढी आपण साफ भादरली! वस्तरा फिरताना होणारा 'श्वे-श्वे' आवाज, त्यावरून 'मोश्वेश्वे'. गुरं पळवणं हा त्या काळी पराक्रमच मानला जाई.

या आडदांड तरुणाला वळण लागलं ते मोहलोमी यांच्याकडून. मोहलोमी हे सरदार, वैद्य आणि दूरदूर भटकलेले शहाणे गृहस्थ. माणसं मारून नव्हे, जगवून राज्य वाढतं, ही त्यांची शिकवण. 1815 च्या सुमारास ते वारले, आणि पुढच्या दहा वर्षांत त्या शिकवणीची कसोटी लागली.

1820 च्या दशकात या सगळ्या मुलखावर उलथापालथ कोसळली. सेसोथोत तिला 'दिफाकाने' म्हणतात (यातला 'क' जीभ टाळूला चिकटवून टचकन सोडायचा). टोळ्या टोळ्यांवर चालून गेल्या, पिकं जळाली, गुरं गेली, गावं ओस पडली. पूर्वी याचं सगळं खापर झुलू राजा शाका यांच्यावर फोडलं जाई. 1980 च्या दशकानंतर इतिहासकारांनी ते मत तपासून पाहिलं. दुष्काळ, किनाऱ्यावरचा व्यापार, बंदुका आणि घोडे घेऊन माणसं-गुरं पळवणाऱ्या टोळ्या, अशी अनेक कारणं आता मांडली जातात.

त्या धामधुमीत बात्लोक्वांची धुरा मन्थातिसी नावाच्या बाईंच्या हाती होती. मुलगा सेकोन्येला लहान होता म्हणून. त्यांचा दरारा इतका, की दूरवरच्या वसाहतींत कुठल्याही लुटारू जमावाला त्यांचंच नाव चिकटायचं. बुथा-बुथेच्या डोंगरावर मोश्वेश्वे यांचा आणि बात्लोक्वांचा सामना झाला. पहिल्या चकमकीत बात्लोक्वांची इतकी मडकी फुटली की लोक तिला 'मडक्यांची लढाई' म्हणतात. पुढे वेढा पडला, अन्न संपलं, आणि नव्या जागेचा शोध सुरू झाला.

थाबा बोसिउ म्हणजे काय?

'थाबा' म्हणजे डोंगर, 'बोसिउ' म्हणजे रात्री. 1824 च्या ऐन हिवाळ्यात (तिकडे जुलैत थंडी असते) मोश्वेश्वे आपली माणसं, म्हातारेकोतारे आणि उरलेली गुरं घेऊन शंभराहून अधिक किलोमीटर चालत या डोंगरापाशी आले. वर चढेपर्यंत रात्र झाली, म्हणून हे नाव. दिवसा बुटका दिसणारा हा डोंगर रात्री वाढतो, अशी वदंता शत्रूच्या कानी जाईल याचीही सोय झाली.

आजच्या मासेरू या राजधानीपासून तो तासाभराच्याही आत गाठता येतो. गडकोट पाहिलेल्या मराठी माणसाला तो लगेच कळेल. चारही बाजूंनी तुटलेला कडा, वर जायला मोजक्याच खिंडी, माथा सपाट आणि ऐसपैस. वर झरे आहेत आणि गुरांना चारा आहे, म्हणजे वेढा पडला तरी तग धरता येतो. खिंडींच्या तोंडाशी धोंड्यांचे ढीग रचून ठेवत. शत्रू चढू लागला की तेच ढकलून देत. 1831 मध्ये म्झिलिकाझी यांची न्देबेले फौज चालून आली आणि मार खाऊन फिरली. तेव्हा मोश्वेश्वे यांनी काय केलं? त्या परतणाऱ्या, भुकेल्या फौजेच्या वाटेवर बैल पाठवले: तुम्ही उपाशी होतात म्हणून आलात, हे खा आणि सुखाने जा. ती फौज पुन्हा आली नाही.

हा डोंगर युद्धात कधीच पडला नाही. मोश्वेश्वे यांची कबर वरच आहे.

आजोबांना खाणाऱ्या नरभक्षकांची गोष्ट खरी आहे का?

बासोथो ती आजही सांगतात, आणि मला वाटतं या लोकांचा स्वभाव एवढ्या थोडक्यात दुसऱ्या कशातूनच कळत नाही. थाबा बोसिउच्या वाटेवर मोश्वेश्वे यांचे म्हातारे आजोबा पेएते मागे पडले. दुष्काळाने नरभक्षक झालेल्या, राकोत्स्वाने यांच्या टोळीने त्यांना पकडून खाल्लं. पुढे ती माणसं मोश्वेश्वे यांच्या हाती लागली. सगळ्यांची मागणी एकच: मारून टाका.

मोश्वेश्वे म्हणाले, यांच्या पोटात माझ्या आजोबांची कबर आहे. कबरीची विटंबना कशी करू? बैल कापला गेला, आणि कबर शुद्ध करताना करतात तसा त्याच्या कोठ्यातला ओला चारा त्या माणसांच्या पोटावर चोळला गेला. मग त्यांना जमीन दिली, गुरं दिली. कालचे नरभक्षक शेती करू लागले.

गुरं देण्याची ही रीत म्हणजे 'माफिसा'. गाय मालकाचीच राहते, वासरंही त्याचीच. पण दूध, शेण आणि नांगराला लागणारी ताकद सांभाळणाऱ्याची. ज्याचं सगळं लुटलं गेलंय, त्याच्या पोराला त्या दिवसापासून दूध मिळतं आणि तो माणूस तुमच्याशी बांधला जातो. हे राज्य मुख्यतः अशा उसन्या गायींवर उभं राहिलं.

मिशनरी कसे आले?

मोश्वेश्वे यांनीच बोलावले. 1833 मध्ये पॅरिसच्या मिशनरी संस्थेचे यूजेन कासालिस, तोमा आर्बूसे आणि कॉन्स्टां गोसलां आले. मोरिजा इथे त्यांचं ठाणं झालं. राजाला धर्माइतकाच परराष्ट्रव्यवहार हवा होता: पत्रं लिहिणारा, गोऱ्यांचं राजकारण समजावून सांगणारा माणूस. कासालिस यांनी ते काम वर्षानुवर्षं केलं. मोरिजात छापखाना आला, 1863 मध्ये 'लेसेदिन्याना' हे सेसोथो वृत्तपत्र निघालं, आणि 1907 मध्ये थॉमस मोफोलो यांची पहिली कादंबरी तिथूनच पुस्तकरूपात आली. आफ्रिकी भाषांतल्या अगदी सुरुवातीच्या कादंबऱ्यांत तिची गणना होते.

आजच्या नकाशात लेसोथो इतका लहान आणि डोंगराळ का?

कारण सुपीक जमीन गेली. मोहोकारे नदीच्या (नकाशात कॅलेडन) पश्चिमेला सपाट, मक्या-गव्हाची जमीन होती. 1830 च्या दशकात दक्षिण किनाऱ्यावरच्या केप वसाहतीतून बैलगाड्या घेऊन डच वंशाचे बोअर शेतकरी आले आणि त्यांनी चराईला जागा मागितली. मोश्वेश्वे यांनी दिली, वापरायला. सेसोथो रीतीत जमीन विकता येतच नाही. ती साऱ्या लोकांची, सरदार तिचा फक्त राखणदार. बोअरांनी ती आपली मालकी मानली. पुढचा सगळा तंटा या एका गैरसमजातून निघाला, आणि तो नेहमीच अजाणतेपणाचा होता असं म्हणवत नाही.

1858 मध्ये आणि मग 1865 पासून ऑरेंज फ्री स्टेट या बोअरांच्या राज्याशी युद्धं झाली. थाबा बोसिउ टिकला, पण खालची पिकं जाळली गेली, गुरं नेली गेली. त्याआधी 1852 मध्ये इंग्रज सेनापती कॅथकार्ट यांच्या फौजेला बासोथो घोडेस्वारांनी जेरीस आणलं होतं, आणि त्याच रात्री मोश्वेश्वे यांनी त्यांना नम्र पत्र धाडलं होतं: शिक्षा पुरेशी झाली, आता तह करू. जिंकत असताना हरल्यासारखं लिहिण्याचा हा शहाणपणा शेवटी कामी आला. म्हाताऱ्या राजाने ब्रिटिश राणीचं संरक्षण मागितलं आणि 12 मार्च 1868 रोजी ते मिळालं. माझा देश हे राणीचं पांघरूण आणि माझी माणसं त्यातल्या उवा, असं ते म्हणाल्याचं सांगतात. पश्चिमेची जमीन मात्र परत आली नाही. 11 मार्च 1870 रोजी ते वारले. तो दिवस आजही मोश्वेश्वे दिन म्हणून पाळतात.

मग हा देश दक्षिण आफ्रिकेत विलीन का झाला नाही?

त्याचं एक मोठं कारण बंदुका. 1871 मध्ये लंडनने हा मुलूख केप वसाहतीच्या गळ्यात टाकला. बासोथो तरुण तेव्हा किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींत राबत आणि मजुरीच्या पैशांतून बंदूक विकत घेऊन घरी येत. केप सरकारने 1880 मध्ये ती बंदूक खाली ठेवायचा हुकूम काढला. घाम गाळून घेतलेली वस्तू का द्यायची? युद्ध पेटलं. लेरोथोदी आणि मासोफा या सरदारांच्या घोडेस्वारांनी केपला दमवलं. खुज्या, काटक बासोथो तट्टांवरून डोंगर असा तुडवता येतो की पायदळाचं काही चालत नाही. 1881 मध्ये तडजोड झाली: कर भरा, परवाना घ्या, बंदूक ठेवा. 1884 मध्ये केपने हात टेकले आणि ब्रिटनने कारभार थेट आपल्याकडे घेतला.

म्हणून 1910 मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ झाला तेव्हा बासुटोलँड (लेसोथोचं इंग्रजी अमलातलं नाव) त्याच्या बाहेर राहिला. पुढे वर्णभेदाचं राज्य काय असतं ते कुंपणापलीकडे रोज दिसत होतं. 4 ऑक्टोबर 1966 रोजी देश स्वतंत्र झाला. दक्षिण आफ्रिकेतून पळून आलेल्यांना त्याने आसरा दिला आणि किंमतही मोजली. 9 डिसेंबर 1982 च्या रात्री दक्षिण आफ्रिकी सैन्याने मासेरूत घुसून 42 जणांना ठार केलं. त्यांत 12 जण बासोथो होते.

ब्लँकेटचं एवढं काय?

सगळा देश समुद्रसपाटीपासून 1,400 मीटरच्या वर आहे. थाबाना न्त्लेन्याना हे शिखर 3,482 मीटर. हिवाळ्यात बर्फ पडतो. पूर्वी कातडी पांघरत. 1860 च्या सुमारास एका व्यापाऱ्याने मोश्वेश्वे यांना लोकरीचं ब्लँकेट भेट दिलं, आणि पाहता पाहता ते अंगावरचं राष्ट्रचिन्ह झालं.

जवळून पाहिलं तर हे अंथरूण-पांघरूण नव्हेच. जाड, घट्ट विणीची लोकर, दोन ठळक रंग, कडेने जाणाऱ्या बारीक पट्ट्या. बाई ते छातीशी मोठ्या पिनेने अडकवते, पुरुष उजव्या खांद्यावर. पट्ट्या उभ्याच यायला हव्यात. आडव्या आल्या तर वाढ खुंटते अशी समजूत आहे. मक्याच्या कणसाची नक्षी सुफलतेची. 'सेआनामारेना' हा प्रकार मानाचा. घोड्यावर बसलेला गुराखी गुडघ्यापर्यंत ब्लँकेटमध्ये आणि पायात गमबूट, हे दृश्य डोंगरात आजही रोजचं आहे. लग्न, बाळंतपण, राज्याभिषेक, अंत्यविधी, प्रत्येकाला ब्लँकेट लागतंच. कारखाना मात्र सीमेपलीकडे दक्षिण आफ्रिकेत आहे. बाहेरून आलेली वस्तू म्हणून ती कमी अस्सल ठरत नाही. या लोकांनी माणसांनाही असंच आपलंसं केलं.

आणि ती शंकूसारखी टोपी?

'मोकोरोत्लो'. गवताची विणलेली, टोकाला गाठींची कलाकुसर. तिचा आकार थाबा बोसिउजवळच्या क्विलोआने सुळक्यावरून घेतला असं मानतात. 2006 पासून ती राष्ट्रध्वजावर आहे.

घरांच्या भिंतींवर नक्षी कोण काढतं?

बायका. माती-शेणाचा लेप ओला असतानाच बोटांनी किंवा काट्याने रेघा ओढतात. नांगरटीचे तास दिसावेत तशा त्या दिसतात, आणि 'दितेमा' हे तिचं नावही नांगरण्याच्या शब्दाशी जुळलेलं आहे. पाऊस ती धुऊन नेतो. मग नवी काढायची.

जेवणात काय असतं?

मुख्य म्हणजे 'पापा', मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा, आणि सोबत 'मोरोहो', चिरून शिजवलेली पालेभाजी. पण मक्याच्या आधी इथे ज्वारी होती आणि तिचा मान टिकून आहे. ज्वारी आफ्रिकेतूनच आपल्याकडे आली, तेव्हा हे नातं लांबचं पण खरं. ज्वारीचं पीठ भिजवून, आंबवून, मग शिजवून केलेलं 'मोतोहो' म्हणजे थेट आपल्या आंबिलीची बहीण. ज्वारीच्याच घरगुती बिअरला 'ज्वाला' म्हणतात.

नावं आणि नाती कशी असतात?

नावं अर्थाची: म्फो म्हणजे देणगी, थाबो आनंद, लेरातो प्रेम, पुलेंग पावसात जन्मलेली. आजी-आजोबांचं नाव नातवंडांना देतात. आधीची मुलं दगावली असतील तर पुढच्याचं नाव मुद्दाम वाईट ठेवतात, न्त्जा म्हणजे कुत्रा किंवा मोसेलान्त्जा म्हणजे कुत्र्याची शेपटी, म्हणजे मृत्यूची नजर पडत नाही. आपल्याकडचे दगडू, धोंडू, केरू याच भीतीतून आले. लग्न होऊन आलेल्या सुनेला सासरी नवं नाव मिळतं, बहुधा 'मा'ने सुरू होणारं: होणाऱ्या बाळाची आई म्हणून.

एका बाबतीत मराठी वाचक चमकेल. आपल्याकडे मामेबहीण चालते, चुलतबहीण म्हणजे सख्खी बहीणच. जुन्या बासोथो घराण्यांत, विशेषतः सरदारांत, चुलत भावंडांचं लग्न पसंतीचं. म्हण आहे: चुलत्याच्या लेकरा, माझ्याशी लग्न कर, म्हणजे गुरं आपल्याच गोठ्यात परततील. वधूसाठी वरपक्ष गुरं देतो, त्याला 'बोहादी' म्हणतात. म्हणून ही काळजी. गाईला ते 'ओल्या नाकाचा देव' म्हणतात, हे आठवलं की म्हण आणखी उमगते.

दीक्षाविधीबद्दल सांगाल का?

'लेबोलो' हा वयात येण्याचा विधी. मुलगे काही महिने गावाबाहेर डोंगरात राहतात आणि लाल माती फासून, स्वतः रचलेलं स्तुतिकाव्य म्हणत परततात. आतलं काय ते बाहेर बोलायचं नाही, असा नियम आहे. तो पाळून इथेच थांबते.

त्यांचं संगीत कसं असतं?

'लेसिबा' हे राष्ट्रीय वाद्य: एका काठीला ताणलेली तार आणि तिच्या टोकाला पिसाचं चपटं केलेलं देठ. गुराखी ते ओठांशी धरून श्वास आत-बाहेर करतो आणि तार गुणगुणू लागते. ते फुंकर वाद्य म्हणावं की तंतुवाद्य, हे ठरवणं कठीण. गुरांना ते कळतं असं गुराखी सांगतात.

दुसरी परंपरा खाणींनी दिली. सोन्याच्या खाणींकडे पायी जाणारे मजूर वाटेवर लांबच लांब गाणी रचत, त्यांना 'दिफेला' म्हणतात: आगगाडी, जमिनीखालचा काळोख, मागे राहिलेली बायको, सारं त्यात येतं. अकॉर्डियनवर तीच परंपरा 'फामो' झाली. 1980 च्या दशकात लाखाहून अधिक बासोथो पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत होते. 1990 नंतर कपात झाली, आणि पगार पाठवणारी माणसं रिकाम्या हाती घरी आली. तोवर शेत, घर आणि गुरं बायकांनी सांभाळली होती. राज्याची सूत्रंही: 1941 ते 1960 देशाचा कारभार राजप्रतिनिधी म्हणून मान्त्सेबो या राणीने पाहिला.

आज बासोथो किती आणि कुठे आहेत?

लेसोथोची लोकसंख्या 2016 च्या जनगणनेत सुमारे 20 लाख. दक्षिण आफ्रिकेत, मुख्यतः फ्री स्टेट प्रांतात आणि जोहान्सबर्गच्या परिसरात, सेसोथो मातृभाषा असणारे त्याहून जास्त. म्हणजे राष्ट्र मोठं, देश छोटा. देशाकडे विकायला आहे ते पाणी. 1986 च्या करारानुसार मालोती डोंगरातलं पाणी, 185 मीटर उंचीच्या कात्से धरणासारख्या धरणांतून, बोगद्यांवाटे जोहान्सबर्गच्या बाजूला जातं. त्यासाठी ज्यांची कुरणं बुडाली त्यांच्या तक्रारी अजून मिटलेल्या नाहीत.

एखादी मोसोथो व्यक्ती भेटली तर काय म्हणावं?

वडीलधाऱ्या पुरुषाला 'दुमेला, न्ताते', बाईला 'दुमेला, म्मे'. न्ताते म्हणजे बाबा, म्मे म्हणजे आई. अनोळखी माणसालाही असंच म्हणतात, पुढे नाव जोडलं तरी चालतं. नुसतं 'खोत्सो' म्हटलं तरी पुरतं. त्याचा अर्थ शांती. राष्ट्राच्या बोधवाक्यातला पहिला शब्द तोच: खोत्सो, पुला, नाला. शांती, पाऊस, समृद्धी, याच क्रमाने.